ड्यूक ढीगभर, साल मात्र सापडत नाही: आठ महिने वापरलेल्या वाचनाच्या ॲपचा रिव्ह्यू

आठ महिने झाले मी एक वाचनाचं ॲप वापरतेय, महिन्याची फी भरायची आणि आतली हवी तेवढी पुस्तकं वाचायची नाहीतर ऐकायची असा प्रकार, आणि मी ते घेतलं ते फक्त हिस्टॉरिकल रोमान्ससाठी. तिथले थ्रिलर कसे आहेत, सेल्फ हेल्प कसं आहे ते मला माहीत नाही. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मला भांडण काढायचं नाहीये, माझ्यासारखी आवड असणाऱ्यांना असल्या ॲपवर पैसे घालायचे की नाही हे ठरवायला मदत व्हावी एवढंच.

आधी माझी आवड सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. नुसते झगे, मेणबत्त्या आणि घोडागाड्या यांच्यावर माझं भागत नाही. नायक-नायिकेच्या मधे जे काही आडवं आलंय ते त्या काळानेच आणून ठेवलेलं असलं पाहिजे, म्हणजे कायदा, वारसाहक्क, पत्राचा खर्च, कोणी कोणाशी आधी बोलायचं याचे नियम, असलं काहीतरी. माझी कसोटी साधी आहे, पुस्तकातलं साल मनातल्या मनात पुसून टाकायचं आणि बघायचं गोष्ट तशीच्या तशी चालतेय का. चालत असेल तर ती आजचीच गोष्ट आहे, कपडे तेवढे जुने. तसली पुस्तकंही लोकांना आवडतात आणि आवडू देत, पण मी मध्यरात्री दोन वाजेपर्यंत जागते ती दुसऱ्या जातीच्या पुस्तकांसाठी.

एक उदाहरण देते म्हणजे नीट समजेल. हे पुस्तक मला याच ॲपवर मिळालं आणि त्याबद्दल मी ॲपची खरंच आभारी आहे. नायिकेचा स्वतःचा छापखाना असतो, वडील गेल्यावर तिने चालवलेला, काळ १८२० च्या आसपासचा, इंग्लंड. त्या वेळच्या कायद्याने बाईचं लग्न झालं की तिचे पैसे, सामानसुमान, यंत्रं, धंद्याची कमाई सगळं नवऱ्याच्या मालकीचं. लग्न झालेल्या बाईला स्वतःची कमाई स्वतःकडे ठेवायचा हक्क मिळाला १८७० च्या कायद्याने, आणि मालमत्तेचा पुरता हक्क १८८२ च्या. म्हणजे तिने हो म्हटलं आणि चर्चमधे उभी राहिली की छापखाना हातचा गेला, नवरा कितीही चांगला असू दे. पळवाट एकच, लग्नाआधी वकिलाकडून सेटलमेंट करून घ्यायची, मालमत्ता ट्रस्टींच्या हातात द्यायची आणि कागदावर लिहून ठेवायचं की ही हिच्या एकटीच्या वेगळ्या उपयोगासाठी आहे. तर नायक काय करतो, तिला विचारायच्या आधी स्वतःच्या वकिलाकडे जाऊन बसतो. अख्खं प्रकरण त्या खोलीत आहे. वकील सामानाची यादी वाचून दाखवतोय, दोन प्रेस, कागदाची रिमं, शाईचे पिंप, छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या इतक्या पेट्या, आणि मधेच हा म्हणतो थांबा, एक पेटी राहिली, तिरक्या अक्षरांची, तिच्या वडलांनी पहिल्या कमाईतून घेतलेली, तिच्यातला एक अक्षराचा खिळा मोडलेला आहे. वकील म्हणतो, माय लॉर्ड, मोडक्या पेटीला काय किंमत. हा म्हणतो, लिहा. बस्स. त्या पूर्ण प्रकरणात नायिका कुठेच नाही, प्रेमाचा शब्द नाही, आणि मी ते तीनदा वाचलं, कारण त्या खिळ्याची गोष्ट तिने त्याला पार सुरुवातीला बोलता बोलता सांगितलेली असते आणि मीसुद्धा ती विसरले होते पण तो विसरला नव्हता. आता यातलं साल पुसून बघा. काहीच उरत नाही.

तर मला असं पुस्तक हवं असतं, आणि आठ महिन्यांत ॲपने मला अशी किती दिली तर पाच. वाचली मी चाळीसच्या वर, अर्धवट सोडलेली वेगळी. पाच हा आकडा मला कमी वाटत नाही, त्यातली दोन मी आयुष्यभर परत परत वाचीन. पण ती पाच मी शोधली, ॲपने पुढे आणून ठेवली नाहीत, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

ॲपला काळ कळत नाही. फिल्टरमधे चार खण आहेत, मिडीव्हल, रीजन्सी, व्हिक्टोरियन आणि इतर. आता खरी रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०, राजा तिसरा जॉर्ज आजारी आणि त्याचा मुलगा त्याच्या जागी कारभार बघतोय ती नऊ वर्षं. रोमान्स वाचणारे आपण ती थोडी ताणतो, अठराव्या शतकाचं शेपूट आणि व्हिक्टोरिया राणी १८३७ मधे येते तिथपर्यंत, ते मला मान्य आहे. पण या ॲपवर झगा उंच कमरेचा दिसला की रीजन्सी असा काहीतरी हिशोब असावा. एक पुस्तक रीजन्सी म्हणून उघडलं, पाचव्या प्रकरणात नायिका आगगाडीने मँचेस्टरला निघाली आणि मी लेखिकेवर भयंकर चिडले, कारण लिव्हरपूल ते मँचेस्टर लाइन सुरू झाली १८३० मधे आणि दोन शहरांमधली वाफेवर चालणारी पहिली पॅसेंजर लाइन तीच. चिडूनच पुढे वाचत गेले तर एका पत्रावर तारीख होती, १८४७. लेखिकेचं काहीच चुकलं नव्हतं! तिने सगळं बरोबर लिहिलं होतं, टॅग लावणाऱ्याने तिला खोटं पाडलं. माझी पाच प्रकरणं चुकीच्या काळात वाचून झाली, मी त्या माणसांकडून भलत्याच गोष्टींची अपेक्षा करत होते, आणि परत पहिल्यापासून वाचायला लागले तेव्हा ते पुस्तक एकदम वेगळंच निघालं, चांगलं निघालं.

साल इतकं का महत्त्वाचं असं कोणी विचारेल. पळून जाऊन लग्न करायचंच घ्या, या पुस्तकांत ग्रेटना ग्रीन तर दर चौथ्या गोष्टीत येतं. इंग्लंडमधे १७५३ चा लग्नाचा कायदा आला, त्याप्रमाणे लग्न चर्चमधेच, आधी तीन रविवार सगळ्यांसमोर नावं वाचून दाखवायची नाहीतर लायसन्स काढायचं, आणि लायसन्सवर करायचं तर एकवीस वर्षांखालच्यांना वडलांची संमती पाहिजे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. तिथे साक्षीदारांसमोर आम्ही नवराबायको असं म्हटलं की झालं, म्हणून हद्द ओलांडल्या ओलांडल्या लागणारं ते पहिलं गाव, म्हणून लंडनहून ते तीनशेहून जास्त मैल रात्रंदिवस घोडे बदलत पळणं, मागून बापाची गाडी. पण १८५६ मधे स्कॉटलंडसाठीही नियम आला की दोघांपैकी एकाने तरी आधी एकवीस दिवस तिथे राहिलेलं पाहिजे. म्हणजे १८५० मधे पळालेलं जोडपं दुपारी पोचून दुपारीच लग्न करू शकतं, आणि १८६० मधलं जोडपं तीन आठवडे बापाची वाट बघत बसतं. किती वेगळी गोष्ट आहे ही! मला तर ते तीन आठवड्यांचं पुस्तक कोणीतरी लिहावं असं फार वाटतं, एक भाड्याची खोली, रोज खिडकीतून रस्ता बघायचा आणि ज्याच्याबरोबर घर सोडलं त्याची खरी ओळख आत्ता व्हायला लागलीये. ॲपमधे सालाने शोधायची सोय असती तर असं काही आहे का ते निदान बघता आलं असतं. नाहीये.

सालाऐवजी काय आहे तर ड्यूक, म्हणजे सगळ्यात वरच्या पदवीचा सरदार. तुम्ही एकदा ड्यूकचं पुस्तक उघडलंत की संपलं, पुढे महिनाभर ड्यूकच ड्यूक. एकदा मोजले मी, सुचवलेल्या वीसपैकी चौदा पुस्तकांच्या नावात ड्यूक. त्या काळी राजघराण्यातले सोडले तर सगळ्या ब्रिटिश बेटांत मिळून जेमतेम दोन-तीन डझन ड्यूक असतील, आणि त्यातले तरुण आणि बिनलग्नाचे तर अगदीच मोजके. ड्यूक मला नको असतो असं नाही, पण ड्यूक असण्याचं ओझं कुठेतरी दिसलं पाहिजे. मला जास्त ओढ वाटते ती १८१५ नंतर लढाई संपली म्हणून अर्ध्या पगारावर घरी बसवलेल्या नौदलाच्या ऑफिसरची, औषधं कुटणाऱ्या अपॉथेकरीची, टोप्यांचं दुकान चालवणाऱ्या विधवेची, जमिनीचा हिशोब बघणाऱ्या कारभाऱ्याची. असली पुस्तकं ॲपवर आहेत, बरीच आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायला शोधपट्टीत धंद्याचं नाव टाकावं लागतं. मी मिडवाइफ, सॉलिसिटर, मिलिनर, क्लर्क असे शब्द टाकून टाकून शोधते. ज्यांना हवं असेल त्यांनी हे करून बघा, होमपेजपेक्षा शंभरपट बरं मिळतं.

आणि एक पुस्तक मला सोडून द्यावं लागलं त्याचं अजून वाईट वाटतंय, कारण भाषा सुरेख होती. त्यात अर्ल, म्हणजे ड्यूकपेक्षा खालच्या पदवीचा सरदार, शेवटी म्हणतो की मी ही पदवी सोडतो, धाकट्या भावाला देतो आणि तुझ्याशी लग्न करतो. १८१४ साल. अहो, पदवी सोडताच येत नव्हती! तो हक्क आला १९६३ च्या कायद्याने. त्याला मेल्याशिवाय त्यातून सुटका नव्हती, आणि खरं दुःख तर तिथेच होतं ना, की तो कितीही म्हणाला तरी अर्लच राहणार, ती कितीही म्हणाली तरी अर्लची बायको म्हणून काउंटेस होणार आणि लोक तिला ते आयुष्यभर ऐकवणार. लेखिकेने सगळ्यात सोपं दार उघडून दिलं आणि आधीच्या तीनशे पानांत दोघांनी जे सोसलं ते सगळं हलकं झालं. चूक झाली म्हणून मी पुस्तक सोडत नाही, छोट्या चुका मी कितीही पोटात घालते, कोणी ड्यूकला युअर ग्रेसच्या जागी माय लॉर्ड म्हटलं तरी मी पुढे वाचते. पण ज्या खांबावर गोष्ट उभी आहे तोच पोकळ निघाला तर काय करणार.

आता चांगलं सांगते कारण चांगलंही बरंच आहे. शब्दावर बोट धरून ठेवलं की अर्थ येतो आणि त्यांची डिक्शनरी खरंच जुनी आणि जाड आहे, फेटन म्हणजे कुठली गाडी, रेटिक्यूल म्हणजे कसली पिशवी, जॉइंचर म्हणजे नवऱ्यामागे बाईला मिळणारी ठरलेली रक्कम, सगळं सापडतं. सॅम्पल भरपूर मोठं देतात, दोन-दोन प्रकरणं. नोट्स काढता येतात आणि माझ्या सगळ्या नोट्स एका जागी दिसतात. ऑडिओ छान आहे, विशेषतः ज्या पुस्तकांत नोकर आणि मालक दोघांचं बोलणं येतं तिथे चांगला नॅरेटर दोघांचे उच्चार वेगळे काढतो आणि मग घरातली उतरंड कानाने कळते. फक्त ऐकता ऐकता वाचायला गेलं की दोन-तीन पानं मागेपुढे होतात, ते चालवून घेते मी.

पण एक गोष्ट मी चालवून घेणार नाही आणि त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल. गोष्ट संपली की ॲप लगेच पडदा टाकतं, हे पुस्तक वाचून झालं, किती तारे देता, पुढचं हे वाचा. आणि त्या पडद्यामागे लेखिकेची टीप असते! या पुस्तकांत शेवटी दोन-चार पानं लेखिका सांगते की कुठलं खरं आहे, कुठलं मी बदललं, ही तारीख मी एक आठवडा पुढे ढकलली ती का, अमुक बाई खरोखर होऊन गेली. माझ्यासाठी ते पुस्तकाचं शेवटचं प्रकरण असतं. कधी कधी तर सगळ्यात चांगलं प्रकरण. पहिले तीन महिने मला पत्ताच नव्हता की या पुस्तकांना टिपा आहेत, मला वाटायचं या लेखिका लिहीतच नाहीत. मग एकदा ९४ टक्क्यांवरच तारे विचारले तेव्हा शंका आली की उरलेले सहा टक्के गेले कुठे. अनुक्रमणिका उघडून बघितली तर टीप तिथे होती, पाच पानांची. मी मग मागची सगळी पुस्तकं एकेक उघडून टिपा वाचत बसले, अख्खी सुट्टी गेली त्यात. त्या छापखान्याच्या पुस्तकाची टीप पण तेव्हाच वाचली. त्यात लेखिकेने लिहिलं होतं की त्या काळी नवरा गेल्यावर किंवा वडील गेल्यावर छापखाने चालवणाऱ्या बायका खरोखर होत्या, पुस्तकांच्या पहिल्या पानावर त्यांची नावं छापलेली सापडतात. हे न वाचताच मी पुस्तक बंद केलं होतं. कस्टमर केअरला लिहिलं, दोन दिवसांत नम्र उत्तर आलं की टीमकडे पाठवलंय, त्याला आता पाच महिने झाले आणि पडदा तसाच पडतोय. तुम्ही असं ॲप वापरत असाल तर गोष्ट संपल्यावर तारेबिरे देऊ नका, आधी अनुक्रमणिका उघडा.

जुन्या पुस्तकांबद्दल एक सांगायलाच हवं. १९७० च्या दशकातली पेपरबॅक्स पण इथे आहेत, आणि त्यातल्या कित्येकांत नायक नायिकेवर जबरदस्ती करतो आणि पुढे ती त्याच्याच प्रेमात पडते. मला ते वाचवत नाही, काळ जुना होता हे कारण मला पुरत नाही, कारण त्याहून कितीतरी आधी, १९३५ मधे जॉर्जेट हेयर रीजन्सी काळावर लिहायला लागली तेव्हा तिला असल्या प्रसंगाची गरज पडली नव्हती. बेडरूमचं दार उघडं ठेवायचं की बंद हे लेखिकेने ठरवावं, मी दोन्ही वाचते. पण जबरदस्ती असेल तर वर्णनात एक ओळ असावी. या ॲपवर काही पुस्तकांना ती ओळ आहे आणि काहींना नाही, आणि ज्या बाईला अशा गोष्टीचा त्रास होऊ शकतो तिच्यासाठी फक्त काहींना असणं पुरेसं नाहीये.

आणि इंडिया. नायक इंडियातून परत आलाय, अंगावर एक व्रण, थोडा ताप, भरपूर पैसा, एवढंच असतं बहुतेक वेळा. एका पुस्तकात त्याचा व्रण असईच्या लढाईतला होता आणि मी एकदम ताठ बसले. २३ सप्टेंबर १८०३, समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले, इकडे आर्थर वेलस्ली, जो पुढे १८१५ मधे वॉटर्लू जिंकला आणि तरी म्हातारपणी आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा. त्या लढाईत मराठ्यांच्या तोफांनी त्याच्या फौजेचे काय हाल केले ते आपण वाचलेलं असतं. पुस्तकात त्याबद्दल दीड ओळ होती. मला लढाईचं वर्णन नको होतं, पण ज्याच्यावर त्या तोफा चालल्या तो माणूस रात्री झोपेत काय बघत असेल हे त्याच्या बायकोला कधीतरी कळायला हवं होतं ना, दोघांचं प्रेम त्यातूनच तर वाढलं असतं. तसंच गुलाम राबवून चालवलेल्या साखरेच्या मळ्यांच्या पैशाचं. गुलामांचा व्यापार ब्रिटिशांनी बंद केला १८०७ मधे, पण गुलामी बंद करायचा कायदा आला १८३३ मधे आणि तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. मधल्या सव्वीस वर्षांतल्या कुठल्याही बॉलरूममधे त्या पैशावर नाचणारं कोणीतरी असणारच. जी लेखिका नायिकेला हे कळू देते आणि कळल्यावर तिला काहीतरी ठरवायला लावते तिची पुस्तकं मी शोधून शोधून वाचते. पाचातलं एक असं आहे.

तर पाचपैकी साडेतीन. पुस्तकांचा साठा, डिक्शनरी आणि ऑडिओ यांच्यासाठी साडेतीन, आणि दीड कापला तो साल आणि टीप यांच्यासाठी. मी पुढच्या वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलंय, कारण कालच एक नवीन सापडलं, क्लर्क शब्द टाकून. साल १८१६. नायिकेची मावशी दारात पत्र घेऊन उभी आहे, पोस्टमन पैशांसाठी थांबलाय, कारण १८४० च्या आधी पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणाऱ्यानेच द्यायचे, अंतर जितकं लांब तितके जास्त आणि दुसरा कागद असला की दुप्पट. पाठवणाऱ्याला ते माहितीये, म्हणून त्याने एकाच कागदावर सगळं लिहून, कागद आडवा फिरवून त्याच ओळींवरून परत लिहिलंय. आणि लग्न न ठरलेल्या मुलीला परक्या पुरुषाने पत्र लिहायचंच नसतं, म्हणून पत्र मावशीच्या नावाने आहे, आणि उभ्या ओळी मावशीसाठी आहेत, पीक कसं बुडालं, पाऊस कसा थांबत नाही. आडव्या ओळी कोणासाठी आहेत ते मावशीला पहिल्या शब्दातच कळतं. ती टेबलावर नाणी मोजते, पुरत नाहीत, ब्रेड महागलाय, दोनदा मोजते. त्या पावसाचं कारण टिपेत आहे, मी या वेळी टीप आधीच वाचून घेतली, १८१५ च्या एप्रिलमधे इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला त्याची राख आणि गंधकाचा वायू वर गेला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. त्या बायकांना हे कोणालाच माहीत नाहीये. मावशी अजून नाणी मोजतेय आणि मी तिथेच थांबलेय, आज रात्री पुढचं.